दिवसा हरिहर, संध्याकाळी बिअर : नकाशाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दादाचा पुण्याहून फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवून विकणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून त्याला ताज्या बिअरची गोडी लागली, आणि आता तो कुठल्याही गावाला जायचं म्हटलं की आधी तिथला ब्रुअरीचा नकाशा उघडतो. कुठे ठिपके दाट आहेत ते बघतो, जवळचा डोंगर बघतो, मग मुक्काम ठरवतो. म्हणाला, "अगं, तुझ्या नाशिकचा असा नकाशा मला सापडत नाही. तू दिवसभर नकाशेच करतेस ना? कर की एक. दिवसा गड, संध्याकाळी बिअर. मी आणि वहिनी येतो."

मी हो म्हटलं. नाशिकचा असा नकाशा नाही याचं मलाही वाईट वाटलं. चारही बाजूंनी किल्ले आहेत, गंगापूर धरणाच्या कडेला द्राक्षमळे आहेत, आणि बाहेरून येणारा माणूस तरीही फक्त "वाइनरी कुठेय" एवढंच विचारून जातो.

आधार ओपनस्ट्रीटमॅपचा घेणार. तो खुला आहे, त्यात दुरुस्ती करता येते आणि गडांच्या पायवाटा ट्रेकर मंडळींनी बऱ्याच ठिकाणी चालून टाकलेल्या आहेत. त्यावर ठिपक्यांचे थर यूमॅप या वेबसाइटवर लावायचे, म्हणजे दादाला नुसती लिंक पाठवता येईल.

१४ ऑक्टोबर

ओव्हरपासवर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपमधल्या नोंदी शोधायच्या साधनावर, जिल्ह्याची हद्द देऊन शोध चालवला. ब्रुअरीसाठी एक टॅग, वाइनरीसाठी वेगळा, आणि जिथे बार असून आतच बिअर बनते तिथे "मायक्रोब्रुअरी : हो" अशी जोड. वाइनरीचे ठिपके भराभर आले. बिअरचे अगदी मोजके, आणि त्यातले निम्मे साधे बिअर बार, कुणीतरी चुकून ब्रुअरी म्हणून नोंदवलेले. एक वाइनरी तर गंगापूर धरणाच्या पाण्यात पडली होती. अक्षांशातला एक आकडा चुकलेला. ती उचलून काठावर ठेवली आणि मूळ नकाशातही दुरुस्ती केली.

थराला मराठी नाव काय द्यावं यावर बराच वेळ गेला. "भट्टी" म्हटलं की आपल्याकडे मोहाची किंवा गावठी दारूची भट्टी डोळ्यांसमोर येते आणि मागोमाग पोलिसांची धाड. शेवटी दोन थर केले: "बिअर बनते" आणि "बिअर मिळते". ही दोन नावं लिहिली तेव्हाच लक्षात आलं की दादाच्या पुण्याच्या नकाशात या दोन गोष्टी एकाच ठिपक्यात असतात, इथे त्या वेगळ्या आहेत.

असं का, याचा विचार करत बसले. वाइनरी द्राक्षाला चिकटून असते. द्राक्ष तोडलं की लवकर दाबावं लागतं, म्हणून कारखाना मळ्यातच उभा राहतो, आणि मळा असतो डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याजवळ, हवेशीर जागी. बिअरला तसं बंधन नाही. बार्ली राजस्थान-हरियाणाकडून वाळलेली येते, हॉप्स तर बहुतेक परदेशातून, गोळ्यांच्या रूपात. पोती कुठेही उतरवता येतात. त्यामुळे छोटी ब्रुअरी शहरात गिऱ्हाइकाजवळ जाते आणि मोठी ब्रुअरी एमआयडीसीत. डोंगराजवळ येण्याचं दोघींनाही काही कारण नाही. बिअर आणि भटकंती यांचा मेळ घालायचा तर रस्त्याचा हिशेब आधी नीट करायला हवा, हे पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ठिपके प्रत्यक्ष तपासायला निघालो. गाडी नवऱ्याकडे, तो पीत नाही. एका ठिकाणी नकाशावर "ताजी बिअर, रात्री अकरापर्यंत" असं होतं. जाऊन पाहिलं तर शटरवर भाड्याने देण्याची पाटी, तीही उन्हाने पांढरी पडलेली. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, "ताई, ते जाऊन वरीस झालं." दुसऱ्या ठिकाणी टाक्या काचेमागे उभ्या होत्या, चकचकीत, पण कोरड्या, बिअर बाहेरून बाटलीतली येत होती.

नियम केला: प्रत्येक ठिपक्यावर "शेवटचं पाहिलं" अशी तारीख. सहा महिन्यांपेक्षा जुनी तारीख असेल तर ठिपका राखाडी. कुणी दीडशे किलोमीटर गाडी मारून येतो आणि शटर बघून परत जातो, यात नकाशा करणाऱ्याची चूक असते.

येताना नवरा म्हणाला, "माझा थर कुठेय?" त्याचं बरोबर आहे. चार जणांत एक न पिणारा असतोच, आणि बहुतेक वेळा गाडी त्याच्याच हातात असते. त्याच्यासाठी तिसरा थर सुरू केला: मिसळ, चहा, भेळभत्ता. पहिल्याच तासात तो बिअरच्या थरापेक्षा मोठा झाला.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज. दादा-वहिनी पुण्यालाच होते, फोनवरच ओवाळलं. आज सुट्टी होती म्हणून "बिअर बनते" हा थर पुढे सरकवायला बसले.

दुकानातून एक बाटली आणली होती, नाशिकमध्ये सर्रास मिळते ती लागर बिअर. लेबल भिंगाखाली धरून वाचलं. सोनेरी अक्षरांच्या खाली, चिकटवलेल्या कडेला लागून, बारीक अक्षरांत कारखान्याचा पत्ता: एमआयडीसी, वाळूज. छत्रपती संभाजीनगर. दुसऱ्या कंपनीची बाटली पाहिली, तीही तिकडचीच. मोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने त्या पट्ट्यात एकवटले आहेत हे ऐकून माहीत होतं, पण आपल्या नकाशावर तिथे ठिपका ठेवताना वेगळं वाटलं. ठिपका ठेवला आणि सवयीने नद्यांचा थर चालू केला.

वाळूजच्या उद्योगांचं पाणी जायकवाडीचं. जायकवाडी म्हणजे पैठणचा नाथसागर, गोदावरीवरचा. आणि गोदावरी म्हणजे आमची त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघणारी. बोट ठेवून रेघ मागे आणत गेले: नाथसागर, नांदूरमधमेश्वर, नाशिकचे घाट, १९६५ साली पूर्ण झालेलं गंगापूर धरण, त्र्यंबक, ब्रह्मगिरी. बार्ली परमुलखातली, हॉप्स परदेशातले, पण बाटलीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे पाणी, आणि ते पाणी आमच्याकडच्या डोंगरांवरून वाहून गेलेलं.

ही रेघ नाशिकमध्ये कुणालाही नुसती गंमत वाटणार नाही. दर पावसाळ्याअखेर १५ ऑक्टोबरचा धरणसाठ्याचा हिशेब जवळ आला की इथे जायकवाडीच्या टक्केवारीची चर्चा सुरू होते. समन्यायी पाणीवाटपात वर्षानुवर्षं ६५ टक्क्यांचा आकडा धरला गेला: नाथसागर त्याखाली राहिला तर वरच्या धरणांतून, म्हणजे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदऱ्यातून पाणी सोडायचं. इथला द्राक्षवाला म्हणतो आमच्या बागा सुकतील, तिकडचा म्हणतो आमच्या माणसांना प्यायला नाही. दोघांचं म्हणणं खरं असतं. २०१६ च्या दुष्काळात हे भांडण बिअरच्या दारापर्यंत गेलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये दारू कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता, आधी ५० टक्के आणि पुढे ६० टक्के. एक लिटर बिअर तयार व्हायला धुणं, उकळणं, थंड करणं धरून चार-सहा लिटर पाणी जातं, त्यामुळे लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.

नकाशात हे घालायचं का? मी घातलं. निळ्या रेषेवर चार ठिपके आणि प्रत्येकावर दोन ओळी. सहलीला आलेल्या माणसाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण ज्याला आपण काय पितो याची आवड आहे, त्याला ते कुठून आलं हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज कार्तिकी एकादशी. दादाने आधी हीच शनिवार-रविवारची जोडी धरली होती. मीच कॅलेंडर दाखवून थांबवलं. आषाढी आणि कार्तिकी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, हे कोरडे दिवस, म्हणजे दारूविक्री बंद. ही यादी आता नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात आहे. सहल १५-१६ नोव्हेंबरला ढकलली.

सुट्टी होती म्हणून हरिहर गडाची वाट मोजून आलो. पायथ्याच्या निरगुडपाड्याकडून चढलो. ऑक्टोबर सरता सरता अवकाळीने झोडपलं होतं, त्यामुळे रानात अजून ओल होती आणि कातळावर शेवाळ. जीपीएस चालू ठेवून वाट नोंदवली, वळणावळणाला फोटो.

पायऱ्या फोटोत जितक्या उभ्या दिसतात तितक्याच आहेत. ऐंशी अंशाच्या आसपासचा कातळ, त्यात एका माणसाच्या रुंदीचा जिना कोरलेला, आणि प्रत्येक पायरीत दोन्ही बाजूंना हाताची बोटं अडकवायला खोबणी. खोबणी लाखो हातांनी गुळगुळीत झाली आहे. आत बोटं घातली की कडा गोल लागते, पेल्याच्या काठासारखी, आणि तळाशी पावसाचं थोडं थंड पाणी. १८१८ साली इंग्रजांनी या भागातले गड घेतले तेव्हा बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, पण हा जिना पाहून कॅप्टन ब्रिग्जचा हात थांबला असं सांगतात. चढताना ते पटतं.

रविवारची गर्दी मात्र भीतीदायक होती. जिना एकाच माणसाचा. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की दोघेही अडकतात. पन्नास मिनिटं आम्ही एका पायरीवर उभे होतो, माझ्या डोक्याशी एका मुलाचे बूट, आणि त्याच्या पिशवीत बाटल्यांचा आवाज. गडावर दारू नेणाऱ्यांबद्दल मला एरवीच राग आहे, पण त्या जागी तो आवाज ऐकून पोटात गोळा आला. नकाशात गडाच्या ठिपक्यावर पहिली ओळ हीच टाकली: वर दारू नाही, खालीही चढण्याआधी नाही.

वरून एका बाजूला ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, दुसऱ्या बाजूला वैतरणेचं पाणी चमकत होतं. एकाच डोंगररांगेतून निघून वैतरणा पश्चिमेला मुंबईच्या नळांकडे जाते आणि गोदावरी पूर्वेला, नाथसागर ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला. पंधरवडाभर पडद्यावर ज्या रेघा ओढत होते त्या पायाखाली दिसल्या तेव्हा अंगावर काटा आला.

८ नोव्हेंबर, शनिवार

वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. त्या हिशेबाने हरिहर दीड तासाच्या आत व्हायला हवा. आम्हाला पायऱ्यांवरचं थांबणं सोडूनही दोन तास लागले. नकाशात दोन तास लिहिले आणि शनिवार-रविवारसाठी शेजारी "सूर्योदयाला पायथ्याशी हवं" असं.

दादाने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात सकाळी एक ठिकाण, दुपारी दोन, संध्याकाळी गड असं होतं. पूर्ण उलटं केलं. आधी गड, मग जेवण, मग झोप, आणि ग्लास सगळ्यात शेवटी, तोही मुक्कामापासून पायी जाता येईल अशाच ठिकाणी. यासाठी नकाशात नवं बटण केलं: मुक्कामाभोवती पंधरा मिनिटं चालण्याचं वर्तुळ. वर्तुळाच्या बाहेरचे बिअरचे ठिपके रात्री आठनंतर दिसतच नाहीत. रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. दंड बाजूला ठेवला तरी त्र्यंबक रस्त्यावर रात्री पायी निघालेले वारकरी असतात, दिंड्या असतात, ट्रॅक्टर असतात दिव्याशिवाय. त्या रस्त्यावर प्यायलेला माणूस मला नको.

वयाचीही ओळ टाकली: महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण, कडक दारूला २५. आणि दारू पिण्याचा परवाना, जो बहुतेकांना माहीतच नसतो. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो अजून लागू आहे, एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो.

१६ नोव्हेंबर, रविवार रात्री

सगळे सुखरूप परतले. आठवणी ताज्या आहेत तोवर लिहून ठेवते.

काल पहाटे साडेचारला निघालो. थंडी चांगलीच होती, वहिनींनी दोन शाली गुंडाळल्या होत्या. उजाडताना निरगुडपाड्यात पोचलो, पायऱ्यांवर आमच्या पुढे फक्त सहा जण. वहिनींना उंचीची भीती वाटते. पहिल्या खोबणीत हात घातल्यावर त्या म्हणाल्या, "मागे बघायचं नाही ना? मग जमेल." आणि जमलं. वर कोठीच्या सावलीत बसून त्यांनी सगळ्यांना दिवाळीतल्या उरलेल्या करंज्या दिल्या.

साडेदहाला खाली. पाड्यातल्या एका घरी आधी सांगून ठेवलं होतं: नागलीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरी तव्यावरून थेट ताटात. दादा तीन भाकऱ्या जेवला आणि म्हणाला, बिअरसोबत जे काही खाल्लंय आजवर, त्यापेक्षा हे चांगलं.

दुपारी गंगापूरच्या बाजूला मुक्कामी येऊन झोपलो. संध्याकाळी चालत वाइनरीवर. या भागात सुलाचे पहिले मळे नव्वदच्या दशकाअखेर लागले आणि २००० साली पहिली वाइन आली. त्याआधी इथली द्राक्षं मुख्यतः खायची आणि बेदाण्याची. आता छाटणी होऊन वेली फुटल्या आहेत, घडांवर बाजरीच्या दाण्याएवढे मणी. तोडणी जानेवारीपासून. दादाला वाइन फारशी आवडत नाही, पण मळा, टाक्या आणि ग्लास एकाच आवारात पाहून तो गप्प झाला. मग म्हणाला, "बिअरमध्ये हे कधी दिसत नाही. पोतं दिसतं फक्त."

रात्री मुक्कामाच्या हॉटेलात त्याने बिअर मागवली. कसली हे मीच सांगितलं: वाळूजची साधी लागर. एरवी तो अशी बाटली हातात घेत नाही. धरणाचं पाणी समोर काळं दिसत होतं, पलीकडच्या काठावर एक-दोन दिवे. मी त्याला रेघ सांगितली, ब्रह्मगिरीपासून नाथसागरापर्यंत. तो बाटली फिरवून लेबलची बारीक अक्षरं वाचत राहिला. नंतर बराच वेळ आम्ही पाण्याबद्दलच बोललो. त्याच्या सासरची शेती पैठण तालुक्यात आहे, आणि वहिनींनी २०१६ चा तो उन्हाळा माहेरी काढलेला. टँकरच्या रांगेत त्यांच्या आईचा हात मोडला होता, हे मला आजवर माहीत नव्हतं. वहिनी आमच्यावर चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "नकाशात पाणी तुमच्याकडून निघतं एवढंच दिसतं. आमच्याकडे कधी पोचलं आणि कधी नाही, तेही लिहा."

आज सकाळी रामशेज. तासाभराचा चढ, सगळ्यांना झेपणारा. १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ मोगलांना न मिळालेला हा गड इतका साधा दिसतो की विश्वास बसत नाही. वर पाण्याच्या टाक्या पाहिल्या की थोडं कळतं. उतरल्यावर नवऱ्याच्या थरातली मिसळ. दादाने घरी न्यायला नाशिकच्याच सेराना मीड्सची एक बाटली घेतली. मीड म्हणजे मध आणि पाणी आंबवून केलेलं पेय. बिअर नव्हे, पण "बिअर बनते" शेजारी त्याला स्वतंत्र ठिपका द्यायला हवा.

२० नोव्हेंबर

दुरुस्त्या: हरिहरची नोंदवलेली वाट ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली, पायऱ्यांचा भाग वेगळा आणि "एकेरी, गर्दीत धोका" अशा नोंदीसह. गडाला हर्षगड हे दुसरं नावही जोडलं. बंद पडलेली जागा काढली. कोरड्या टाक्यांची जागा "बनते" मधून "मिळते" मध्ये हलवली. मीडचा ठिपका टाकला. पाड्यातल्या जेवणाचा ठिपका टाकला नाही, त्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "एवढी माणसं आली तर मी एकटी कशी करू?" दादाच्या ओळखीच्यांना तोंडी सांगू.

निळ्या रेषेवर नाथसागराच्या ठिपक्याचं वर्णन वहिनींना लिहायला दिलंय. त्यांनी मराठीत, हाताने कागदावर लिहून फोटो पाठवला. दीड पान आहे. कापाकाप करणार नाही. खिडकी मोठी करावी लागेल, ती आज रात्री करते.